उजवीकडचा खिसा

११ जानेवारी

आज माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. त्याची कुठेतरी नोंद राहावी म्हणून ही वही उघडतो आहे. अक्काने शिवलेल्या माझ्या नव्या शर्टाचा खिसा उजवीकडे आहे.

मी आठ वर्षांचा होतो तेव्हापासून माझे सगळे शर्ट अक्का शिवते. आई गेली त्या वर्षापासून. मी त्रेपन्न वर्षांचा आहे, म्हणजे पंचेचाळीस वर्षं खिसा डावीकडेच होता. सूर्याने एकदा पश्चिमेला उगवून पाहावं आणि वर कोणाची क्षमाही मागू नये, असा हा प्रकार. आज एका अधिकाऱ्याची मुलाखत घेताना पेन काढायला तीनदा हात डाव्या छातीवर गेला आणि रिकामा परत आला. अधिकारी म्हणाले, "तुम्ही इतकं मनाला लावून घेऊ नका."

अक्काला फोन केला. म्हटलं, "वार्ताहराचा खिसा म्हणजे म्यान असते. ती उजवीकडे लटकवलीस तर तलवार काढायची कशी?"

एरवी या वाक्यावर मला दोन तरी रट्टे मिळाले असते. आज नुसतं म्हणाली, "कुठला शर्ट?"

"कालच दिलास तो. निळ्या रेघांचा."

"मी दिला?"

थट्टेची ही तिची नवी तऱ्हा दिसते. आवाज अगदी निर्विकार. मला आवडली.

२० जानेवारी

अक्काच्या दुकानात जाऊन आलो. शाळांचे गणवेश शिवण्याचं तिचं दुकान म्हणजे दोन मशिनं, एक लांबलचक कापायचं टेबल आणि टेबलाच्या एका टोकाला जाड काच. काचेखाली मापांच्या चिठ्ठ्या. भिंतीवरच्या खिळ्याला तिची कापडाची मोठी कात्री. त्या कात्रीने कागद कापायचा नाही, हा दुकानाचा एकमेव कायदा. कागदाने धार जाते. लहानपणी मी त्या कात्रीने शाळेचा नकाशा कापला होता, तेव्हा अक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

ती टेबलावर डोकं टेकून झोपली होती. दुपारी! उठवलं तर म्हणाली, "हल्ली दिवसा डोळा लागतो."

चपलांचे पट्टे सैल केलेत, पाय सुजतात म्हणून. स्वतःचे कपडे पोटाशी उसवून वाढवलेत. मी म्हटलं, "अक्का, सुख मानवलं तुला."

"हो ना," म्हणाली, "सगळं एकाच जागी जमा झालंय." मनगटं मात्र काटकीसारखी झाली आहेत. देवाचं वाटप असंच अव्यवस्थित असतं.

२ फेब्रुवारी

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी बायकोचा ऑफिसात फोन आला, "अहो, लगेच दुकानात या." अक्का मशीनवर बसली होती. सुईत दोरा नव्हता आणि ती तशीच पाय मारत होती. कापडावर भोकांची सरळ ओळ उमटत होती, टाका एकही नाही. मी खांद्यावर हात ठेवला. तिने वर पाहिलं. अगदी सभ्यपणे विचारलं,

"आपण कोण? माप द्यायला आलात का?"

आपण. पंचेचाळीस वर्षांत तिने मला गाढव म्हटलं आहे, पंडित म्हटलं आहे, वाट्टेल ते म्हटलं आहे. आपण कधीच म्हटलं नव्हतं.

३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत आणि मला काका म्हणतात. त्यांनी कागदावर यकृताचं चित्र काढलं आणि त्यावर बारीक बारीक रेघा मारून ते भरून टाकलं. "या सगळ्या रेघा म्हणजे व्रण. यकृत कडक झालंय, सिरॉसिस. पोटात पाणी साठलंय. रक्तातली घाण यकृताकडून साफ होत नाही, ती मेंदूपर्यंत जाते. म्हणून त्यांना माणसं ओळखू येत नव्हती."

मी मूर्खासारखं म्हटलं, "पण ती दारूच्या थेंबालाही शिवत नाही हो."

"दारू नाही काका. हेपॅटायटिस सी. रक्तातून येणारा विषाणू. पूर्वी कधी रक्त दिलं होतं का त्यांना?"

यकृत् हा शब्द विद्यार्थी असताना मला संस्कृतच्या परीक्षेत चालवता आला नव्हता, त्याचे दोन गुण गेले होते. त्यानंतर आजवर त्या शब्दाशी माझा संबंध आला नव्हता.

रक्त दिलं होतं. तेहतीस वर्षांपूर्वी, बाळंतपणात. बाळ राहिलं नाही, पुढे झालंही नाही. रक्त फार गेलं होतं. त्या काळी रक्तात हा विषाणू तपासत नसत, तपासायची सोयच नव्हती. रक्तपेढी गावाच्या दुसऱ्या टोकाला. भाऊजी हातपाय गाळून बसले होते. वीस वर्षांचा मी सायकल मारत गेलो आणि टॉवेलात गुंडाळून बाटली घेऊन आलो. "माझ्या भावाने मला परत आणलं," असं अक्का अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मीही आजवर ते मान डोलावून ऐकत आलो.

ती बाटली मी आणली होती.

१० फेब्रुवारी

अक्का शुद्धीवर. मला पाहून म्हणाली, "पंडित, दाढी कर. मी मेलेली नाही." इतकं सुंदर वाक्य मी अलीकडे ऐकलेलं नाही.

आजपासून गोळ्या. बारा आठवडे. शिवाय पोट साफ ठेवणारं गोड पातळ औषध, पोटातलं पाणी उतरवायच्या गोळ्या आणि बिनमिठाचं जेवण. मी बाटलीची गोष्ट तिला सांगितली.

ती हसली. "तेहतीस वर्षं पोटात राहिला आणि एकदा हाक मारली नाही त्याने. तुझ्यापेक्षा बरा भाडेकरू."

"अक्का, मी ती बाटली..."

"तू ती आणली नसतीस तर मी तेव्हाच गेले असते. मग तुझे शर्ट कोण शिवणार होतं? चल, जास्त बोलू नकोस. त्या गोड औषधाने सारखं आत जावं लागतं मला."

२७ मार्च

अक्काच्या पायांचे घोटे पुन्हा दिसू लागले. डॉक्टरीणबाई म्हणतात, पोटातलं पाणी ओसरतंय, रक्ताचे आकडे सुधारताहेत, सगळ्यांचे असे सुधारत नाहीत. आज मी निळ्या रेघांचा शर्ट घालून गेलो होतो. तिने चष्मा वर केला.

"हे काय घातलंयस? कुठल्या आंधळ्याने शिवलंय?"

"तू."

तिने उठून माझ्या छातीवरून हात फिरवला, खिशाची शिवण बोटांनी चाचपली. शिवण अगदी बिनचूक होती, तिचीच. "काढ तो. उसवून देते." मी दिला नाही. म्हटलं, "हे ऐतिहासिक वस्त्र आहे. आता पेन डाव्या हाताने काढायची सवय केली मी." सवय अजिबात झालेली नाही.

३० जुलै

गोळ्या संपून बारा आठवडे झाले. आज रक्ताचा निकाल. विषाणू सापडला नाही. शून्य. पुन्हा विचारलं, पुन्हा शून्य.

अक्का आत परिचारिकेला तिच्या गणवेशाचा खांदा कसा चुकलाय ते समजावत होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं.

"काका, विषाणू गेला, हे खरंच मोठं यश आहे. पण व्रण गेलेले नाहीत. अशा यकृतात पुढे कॅन्सर होण्याचा धोका कमी होतो, संपत नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. जन्मभर. चुकवायची नाही. गाठ लहान असताना सापडली तर करता येतं काहीतरी. फाईलवर लिहिलंय मी, पण तुम्ही नीट समजावून सांगा. तुमचं ऐकतात त्या."

मी म्हटलं, यावर पेपरात लेख लिहायचा विचार आहे. त्या म्हणाल्या, "जरूर. पण हे आधी लिहा."

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीशी बसली होती. वाऱ्याने केस तोंडावर येत होते आणि ती ते बाजूला करत नव्हती, नुसती हसत होती. अशा चेहऱ्यावर कॅन्सर हा शब्द कसा फेकायचा? फाईल माझ्या मांडीवर होती. मी पावसापाण्याचं बोललो.

मग उपाय सुचला. अक्का माझा मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचते. लेखातच लिहीन. छापील अक्षरांत वाचलं म्हणजे धसका कमी बसेल आणि मला तोंडही उघडावं लागणार नाही. एका दगडात दोन पक्षी. स्वतःच्या युक्तीवर आज बेहद्द खूश आहे.

२ ऑगस्ट

लेख झाला. आरंभ उजवीकडच्या खिशाने केला आहे आणि शेवटी माझी बहीण मला बसमध्ये हसताना दिसते. डॉक्टरीणबाईंची सूचना आधी घालून पाहिली. पंगतीत बसल्याबसल्या कोणी औषधाचा चमचा पुढे करावा तसं वाटलं. शेवटच्या परिच्छेदात घेतली. त्यांना यकृत कळतं, लेखन नव्हे.

६ ऑगस्ट

लेख आला. पाव पान, फोटोसकट. शेवटचा परिच्छेद नाही.

तडक आमच्या उपसंपादकाकडे गेलो. त्याला सगळं ऑफिस कात्री म्हणतं आणि तो त्या नावाला ओ देतो.

"शेपूट कुठे गेलं माझं?"

"खाली जाहिरात आली, साहेब. सहा ओळी उडवल्या."

"नेमक्या त्याच?"

"महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली, आणि कापायचं ते खालून. तुम्हीच शिकवलंत मला, याच टेबलावर."

शिकवलं होतं खरं. गुरूचीच विद्या गुरूला. दुरुस्ती छापून आणायचं मनात होतं, तेवढ्यात संपादक स्वतः उठून आले आणि माझा हात हातात घेतला. वीस वर्षांत प्रथमच. त्या क्षणी 'लेख अपुरा आहे' हे सांगणं औचित्याला धरून झालं नसतं. एकदोन दिवसांत बघतो.

८ ऑगस्ट

अक्काकडे गेलो. लेख टेबलावरच्या काचेखाली, मापांच्या चिठ्ठ्या बाजूला सारून. कडा इतक्या सरळ की मी विचारलं, "ब्लेडने कापलास?"

ती खिळ्यावरच्या कात्रीकडे पाहून नुसती हसली.

दुकानाचा एकमेव कायदा तिने माझ्या लेखासाठी मोडला होता. अशा वेळी सोनोग्राफीचा विषय कोण काढेल?

१९ नोव्हेंबर

तीन महिने वही उघडली नव्हती. बायकोने आज भाजी निवडता निवडता विचारलं, "अक्कांना तपासणीचं सांगितलंत ना तुम्ही?"

"सांगायचंय."

"मी सांगू?"

"नको. मी मांडतो नीट."

"तुमचं मांडून होईपर्यंत..." म्हणाली आणि पुढे बोललीच नाही. बायकोची वाक्यंही हल्ली खालून कापलेली येतात.

४ फेब्रुवारी

सांगितलं! दुकानात जाऊन, चहा पिता पिता, सहज म्हटल्यासारखं. "अक्का, एकदा सोनोग्राफी करून घे. सहा महिने झाले."

"कशाला?"

"रीत असते तशी."

तिने काचेवर बोट ठेवलं आणि माझंच वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं. "'तेहतीस वर्षांचा पाहुणा गेला आणि माझी बहीण बरी झाली.' हे तूच लिहिलंस ना? मग? छापलेलं खोटं असतं का?"

"तसं नव्हे..."

"मग झालं तर. चहा घे, गार होतोय."

तिच्या युक्तिवादात दोष सापडेना. आपलंच वचन आपल्याविरुद्ध प्रमाण म्हणून उभं राहावं, ही कोणत्याही लेखकाला गुदगुल्या करणारी गोष्ट आहे. हसत हसत घरी आलो.

२३ मे

शाळा उघडायच्या आधीची धांदल. अक्का चांगलीच बारीक झाली आहे, कपडे आत घ्यावे लागलेत. मी म्हटलं, "कॉलेजकन्या दिसतेस."

"म्हातारचळ लागला तुला," म्हणाली. कापडाचा तागा उचलताना उजवी कूस दाबून धरत होती. म्हणते, वाकून वाकून उसण भरली.

निळ्या रेघांच्या शर्टाचा विषय निघाला. म्हणाली, "या मोसमातलं काम उरकलं की तो खिसा आधी काढणार आहे मी. माझं नाव खराब होतंय."

१८ जून

उसण नव्हती.

परवा तिचे डोळे पिवळे दिसले. बायकोने मला विचारलंही नाही. सरळ तिला घेऊन दवाखान्यात गेली आणि तिथून मला फोन केला. मी पोचलो तेव्हा अक्का सोनोग्राफीच्या खोलीत होती.

गाठ आहे. लिंबाएवढी नाही, मोसंब्याएवढी.

डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडली. "मागच्या जुलैनंतर काहीच नाही? एकही सोनोग्राफी?" त्या अक्काला विचारत होत्या, रागावून नव्हे. "का नाही आलात?"

अक्काने पिशवीतून कात्रण काढलं. काचेखालचं. बरोबर आणलं होतं, बहुधा डॉक्टरांना दाखवायला, कौतुकाने. "हे बघा. माझ्या भावाने लिहिलंय. बरी झाले म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी वाचलं. शेवटपर्यंत. मग कागद उलटा करून मागे पाहिलं. मागे जाहिरात होती.

"काका," त्या म्हणाल्या, "मी सांगितलेलं कुठे गेलं?"

वार्ताहर म्हणून पस्तीस वर्षं मी लोकांना 'कुठे गेलं?' हाच प्रश्न विचारत आलो. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते आज माझ्या चेहऱ्यावर आलं असणार. "शेवटी होतं," एवढंच म्हणालो.

"शेवटी का?"

अक्का माझ्याकडे पाहत होती आणि माझ्याऐवजी तिनेच उत्तर दिलं. "जागा पुरली नसेल हो. पेपरवाल्यांचं असंच असतं."

जिन्यावर डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "जानेवारीत आल्या असत्या तर गाठ कदाचित सुईने जाळता आली असती. आता मोठं स्कॅन करू, मग ठरवू. मी आज काहीच कबूल करत नाही."

१९ जून

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे. पहिल्यांदा मी सायकलवरून बाटली आणली, तेव्हा मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. या वेळी माहीत होतं.

२० जून

ऑफिसात कात्रीच्या टेबलापाशी गेलो आणि गेल्या वर्षीच्या सहा ओळी ठेवल्या. आज त्या नव्या लेखाच्या माथ्यावर होत्या आणि खाली फक्त एवढंच की हे मागच्या वेळी राहिलं आणि चूक माझी आहे. त्याने वाचलं. एकही विनोद केला नाही. "कुठून कापू?" असं सवयीने त्याच्या तोंडून निघालं, मग स्वतःच म्हणाला, "नाही कापत."

दुपारी एका वाचकाचा फोन आला. अजून हे छापलंही नव्हतं, तो मागच्याच लेखाबद्दल बोलत होता. त्याच्या वडिलांनाही हाच आजार, तेही औषधाने बरे झाले, यकृत त्यांचंही कडक. "तुमचा लेख आम्ही फ्रेम करून लावलाय साहेब. बाबा आता दवाखान्याचं नावही काढत नाहीत." मी त्याला सहा महिन्यांच्या सोनोग्राफीचं दोनदा सांगितलं, मग लिहून घ्यायला लावलं, मग परत वाचून दाखवायला लावलं. उद्याच बाबांना नेतो म्हणाला. असे किती जण असतील आणि त्यातले किती मला फोन करतील?

२१ जून

आज छापून आलं. अक्काकडे गेलो तर तिने तेही कापलं होतं, त्याच कात्रीने, आणि काचेखाली जुन्याच्या वर ठेवलं होतं. जुनं फेकलं नव्हतं. खालून 'माझी बहीण बरी झाली' एवढं डोकावत होतं.

"छान लिहिलंयस," म्हणाली. "सुरुवात मात्र कोरडी वाटली."

मी म्हटलं, "अक्का, माझ्यामुळे..."

"पंडित, रडायचं असलं तर तिकडे तोंड कर. पांढरं कापड आहे." मग जरा थांबून, "तुला सांगायला जड गेलं असेल. मला कळतं. लहानपणीही बशी फोडलीस की चिठ्ठी लिहून उशीखाली ठेवायचास."

मी तिकडे तोंड केलं.

थोड्या वेळाने तिने एका शाळेचा कागद पुढे सरकवला. पुढच्या वर्षीचे गणवेश, दोनशे चाळीस. हो म्हणायचं की नाही ते आठवडाभरात कळवायचं होतं. "स्कॅन परवा आहे. पण तू इतकं वाचतोस, डॉक्टरांशी बोलतोस. तू सांग. मी होईन ना बरी?"

डॉक्टरीणबाईंनी काहीच कबूल केलं नव्हतं. मी म्हटलं, "होशील."

तिने लगेच पेन मागितलं. माझा हात डाव्या छातीवर गेला, रिकामा परत आला, मग उजवीकडे गेला. तिने ते पाहिलं आणि हसली. कागदावर सही केली.

इतके दिवस या वहीत मी शर्टाची, कात्रीची, कापलेल्या सहा ओळींची तक्रार लिहीत आलो. आता खरं ते लिहितो. अक्का मरेल अशी मला भीती वाटते. आणि शेवटपर्यंत ती माझ्या शब्दावर विश्वास ठेवेल, याची त्याहून जास्त वाटते.